लेखणी कोणाच्या हातात? जुना व्हॅम्पायर आणि नवा व्हॅम्पायर

प्रश्न थोडक्यात असा: ‘ट्वायलाइट’ आणि त्यानंतरच्या मालिका-सिनेमांवर वाढलेल्या एका वाचकाने ‘ड्रॅक्युला’ वाचायला घेतली. सुरुवातीचा किल्ला आवडला, पण पुढे पत्रं, डायऱ्या आणि तारांच्या गर्दीत मन रमेना. जुन्या व्हॅम्पायरकथांत आजच्या वाचकासाठी खरंच काही आहे, की त्या फक्त अभिजात म्हणून वाचायच्या? आणि नव्यांपैकी काय वाचावं?

भयसाहित्य शिकवताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत नेहमी भेटतो, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देते. कथांचे शेवट यात उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

आधी एक तयार उत्तर बाजूला सारू. ‘पूर्वी व्हॅम्पायर राक्षस होता, आता प्रियकर झाला’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण पुस्तकं उघडली की टिकत नाही. इंग्रजीतली पहिली गाजलेली व्हॅम्पायरकथा जॉन पोलिडोरीची, १८१९ सालची. तिच्यातला लॉर्ड रूथवेन लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत सगळ्यांना हवाहवासा वाटतो आणि बायका त्याच्याभोवती घोटाळतात. १८४५ ते १८४७ या काळात स्वस्त साप्ताहिक पुस्तिकांमधून आलेला व्हार्नी तर पुढेपुढे स्वतःच्या जगण्याला इतका विटतो, की शेवटी व्हेसुव्हियस ज्वालामुखीत उडी घेतो. १८७२ ची कार्मिला आपल्या सावजाशी प्रेमाखेरीज दुसऱ्या भाषेत बोलतच नाही. म्हणजे देखणेपणा, पश्चात्ताप, प्रेम हे सगळं ‘ड्रॅक्युला’च्या आधीच येऊन गेलं होतं. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली १८९७ मध्ये.

नियमांचंही तसंच. ‘ट्वायलाइट’मधला एडवर्ड उन्हात चमकतो म्हणून चिडणारे वाचक मला नेहमी भेटतात: खरा व्हॅम्पायर उन्हात जळून जातो म्हणे. स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला लंडनमध्ये भर दिवसा पिकॅडिलीच्या रस्त्यावर फिरतो आणि त्याच्या किल्ल्यातून सुटून आलेला तरुण वकील जोनाथन हार्कर त्याला तिथे पाहून हादरतो. दिवसा त्याच्या शक्तींना मर्यादा येतात, एवढंच. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रुजवली ती १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने. हा चित्रपट परवानगी न घेता काढला होता. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेशही झाला. तरी काही प्रती वाचल्या आणि बेकायदा चित्रपटातला तो नियम पुढे परंपरा म्हणून मिरवू लागला. काउंट छातीत लाकडी खुंट ठोकल्याने मरतो, हीसुद्धा सिनेमानेच करून दिलेली समजूत. कादंबरीत हार्करची कुकरी त्याचा गळा चिरते आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो. खुंट येतो तो काउंटने व्हॅम्पायर केलेल्या लुसीच्या वाट्याला.

तेव्हा लसूण, आरसा, ऊन यांची यादी करून जुन्या-नव्याची तुलना होत नाही. मला विचाराल तर एकच प्रश्न कामाचा आहे: गोष्ट कोण सांगतंय? लेखणी कोणाच्या हातात आहे आणि कोणाला ती मिळू दिलेली नाही? ही एक गोष्ट धरून वाचलंत, तर तुम्हाला कंटाळवाणी वाटलेली पत्रांची गर्दीच ‘ड्रॅक्युला’चा गाभा आहे हे दिसू लागेल.

पहिली चार प्रकरणं फक्त जोनाथन हार्करची डायरी आहे आणि ती त्याने लघुलिपीत लिहिली आहे. हा तपशील आपण सहज ओलांडून जातो. किल्ल्यात काउंट त्याच्याकडून पुढच्या तारखा घातलेली तीन पत्रं लिहून घेतो, म्हणजे हार्कर मेल्यावरही तो सुखरूप परतीच्या वाटेवर आहे असं जगाला वाटावं. हार्कर चोरून दोन पत्रं बाहेर पाठवू पाहतो आणि ती काउंटच्याच हाती लागतात. एक साध्या अक्षरातलं आहे, ते तो शांतपणे परत देतो. दुसरं हार्करच्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, लघुलिपीत लिहिलेलं आहे. त्याकडे पाहताच त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य उमटतं आणि तो ते दिव्यावर धरून जाळतो. लांडग्यांना हुकूम देणारा, भिंतीवरून पालीसारखा उतरणारा हा काउंट, आणि त्याला एक साधं पत्र वाचता येत नाही! सगळ्या कादंबरीचा निकाल इथेच लागलेला आहे, असं मी म्हणेन. त्याला जे वाचता आलं नाही, त्यातूनच पुढे त्याचा पाठलाग उभा राहतो.

आणि काउंट स्वतः केवढा वाचक आहे! त्याच्या ग्रंथालयात लंडनची निर्देशिका आहे, वकिलांची आणि लष्करी अधिकाऱ्यांची यादी आहे. एकदा हार्करला तो कोचावर पडून इंग्लंडमधल्या रेल्वेचं वेळापत्रक वाचताना सापडतो. इंग्लंडमध्ये गेल्यावर कुणी आपल्याला परका म्हणून ओळखू नये, म्हणून तो हार्करशी बोलून उच्चार सुधारून घेतो. तिकडे मीनालाही गाड्यांच्या वेळा तोंडपाठ करण्याचा नाद आहे. ती टंकलेखन शिकते, लघुलिपी शिकते, सगळ्यांच्या डायऱ्या गोळा करून तारखेच्या क्रमाने टाइप करून काढते. डॉक्टर सिवर्ड आपली टिपणं फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर बोलून ठेवतो. त्या काळी हे यंत्र अगदी नवं होतं. मीना त्या नळ्या ऐकून त्यांचाही मजकूर टाइप करते. एकेका माणसाकडे असलेली तुटक माहिती तिच्या हातून एकत्र येते, तेव्हा कुठे शत्रूचा आकार दिसू लागतो.

उलट, जिथे जिथे माहिती अडवली जाते, तिथे माणूस मरतो. लुसीवर उपचारासाठी बोलावलेला डॉक्टर व्हॅन हेलसिंग तिच्या खोलीत लसणीची फुलं लावतो, पण तिच्या आईला कारण सांगत नाही. आईला उग्र वास सहन होत नाही, ती फुलं काढून टाकते आणि खिडकी उघडते. पुढे सगळे पुरुष मिळून ठरवतात की मीनाला आता या चर्चांतून वगळायचं, तिच्या नाजूक मनाला त्रास नको. नेमकं त्यानंतरच काउंट तिच्यापर्यंत पोचतो. तिच्यात होणारे बदल तिच्या स्वतःच्या डायरीत दिसतात, पण ती डायरी त्या दिवसांत कुणी वाचत नसतं. वाचक म्हणून आपल्याला सगळं दिसतंय आणि पात्रांना दिसत नाही, यातून जी घालमेल होते, ती मला किल्ल्यातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त भीतिदायक वाटते. काउंटला हे कागदांचं सामर्थ्य उशिरा कळतं. तो हस्तलिखितं जाळतो, फोनोग्राफच्या नळ्या आगीत फेकतो. पण दुसरी प्रत तिजोरीत असते.

आता बघा, या सगळ्या कागदांत काउंटचा स्वतःचा मजकूर किती? सुरुवातीला हार्करसाठी हॉटेलात ठेवलेली स्वागताची छोटी चिठ्ठी, जवळजवळ तेवढीच. किल्ला सुटल्यावर तो बोलतोही मोजक्या ठिकाणी. त्याचं म्हणणं काय होतं, शतकानुशतकं एकटं राहून त्याला काय वाटलं, हे आपल्याला कळत नाही, कारण कागदपत्रांचं संकलन त्याच्या शत्रूंनी केलेलं आहे. आणि स्टोकरने शेवटच्या पानावर एक बारीक खोडी करून ठेवली आहे. सात वर्षांनी हार्कर लिहितो, की एवढ्या ढिगात अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळजवळ एकही नाही. सगळी टाइप केलेली पानं. कुणी यावर विश्वास ठेवावा असं आम्ही म्हणूही शकत नाही. बिचाऱ्या काउंटच्या वकिलाला एवढं वाक्य पुरलं असतं.

सगळंच थोर आहे असं मात्र नाही. व्हॅन हेलसिंगचं मोडकं-तोडकं इंग्रजी आणि त्याची प्रवचनं दमवतात. लुसीला एकामागून एक चार पुरुषांचं रक्त देतात आणि कुणाचं रक्त कुणाला चालेल हा प्रश्नही निघत नाही, पण रक्तगटांचा शोध १९०१ चा, तेव्हा स्टोकरला दोष देता येत नाही. शिवाय या कादंबरीचं एकाच ओळीत निदान करण्याची जी सवय लागली आहे, म्हणजे काउंट हे परक्यांच्या भीतीचं प्रतीक, लुसी हे स्त्रीच्या वासनेच्या भीतीचं प्रतीक, तिचाही मला कंटाळा आहे. ती वाचनं चुकीची नाहीत. पण प्रतीकाची चिठ्ठी एकदा चिकटवली की वाचक पुढचं पान वाचणं थांबवतो.

ही कागदपत्रांची आवड स्टोकरने हवेतून आणलेली नव्हती. व्हॅम्पायर पश्चिम युरोपात पसरला तोच मुळी सरकारी अहवालांतून. १७२५ मध्ये आणि पुन्हा १७३२ च्या सुमारास सर्बियातल्या खेड्यांत मेलेली माणसं रात्री येऊन त्रास देतात अशा तक्रारी आल्या. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. सरकारी अधिकाऱ्यांनी आणि लष्करी डॉक्टरांनी थडगी उघडून प्रेतांची तपासणी केली, प्रेत ताजं दिसत होतं, तोंडाशी रक्त होतं, असं नोंदवून खाली सह्या केल्या. त्या अहवालांवर युरोपभर चर्चा झडल्या. त्यांतला व्हॅम्पायर म्हणजे फुगलेल्या, तांबूस अंगाचा खेडूत. त्याला फिकट चेहरा, उमराव घराणं आणि चांगले कपडे दिले ते पोलिडोरीने.

पोलिडोरी हा कवी बायरनचा डॉक्टर. १८१६ च्या त्या प्रसिद्ध पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठच्या बंगल्यात बायरन, शेली आणि मेरी यांच्याबरोबर तोही होता. मेरीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सुरुवात तिथलीच. पोलिडोरीची कथा मासिकात छापून आली तेव्हा वर नाव बायरनचं होतं. लेखकाच्या हातून लेखणी हिसकावली जाण्याचा हा प्रकार त्या कथेला शोभणारा आहे, कारण कथेचा सगळा कणा एका शपथेवर उभा आहे. मरणाच्या दारातला रूथवेन आपल्या तरुण सोबत्याकडून, ऑब्रीकडून, वचन घेतो: एक वर्ष आणि एक दिवस माझ्याबद्दल, माझ्या मृत्यूबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. मग तो लंडनमध्ये जिवंत उभा राहतो आणि ऑब्रीच्याच बहिणीशी लग्न ठरवतो. ऑब्रीला सगळं ठाऊक आहे आणि बोलता येत नाही. कथा फार चांगली लिहिलेली नाही, खरं सांगायचं तर घाईची आणि कोरडी आहे. पण ही कल्पना मात्र अस्सल. व्हॅम्पायर दातांनी मारतो त्याहून जास्त गप्प बसवून मारतो.

ले फानूची ‘कार्मिला’ ही सगळ्या जुन्या कथांत माझी सर्वांत आवडती. आकाराने छोटी आहे, एका बैठकीत होते. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात वडिलांबरोबर एकाकी गढीत राहणारी लॉरा गोष्ट सांगते. गाडीला अपघात होतो, एक सुंदर मुलगी पाहुणी म्हणून घरात राहते, आणि लॉराला तिच्याबद्दल ओढ आणि किळस दोन्ही एकाच वेळी वाटत राहतं. ले फानूने ही दोन टोकं कधीच एकमेकांपासून सोडवली नाहीत. शिकारी येतात, थडगं उघडतात, विधी यथासांग पार पडतो. पण त्यानंतर कित्येक वर्षांनीही लॉराला दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावलं ऐकू आल्याचा भास होतो. कथेच्या प्रस्तावनेतच आपल्याला सांगितलेलं असतं, की हे लिहिणारी बाई दरम्यान वारली. कशाने, ते सांगितलेलं नाही. पहिल्या वाचनात हे वाक्य निसटतं. शेवट वाचून पुन्हा प्रस्तावनेकडे या आणि मग ते वाचा.

इथे लेखणी सावजाच्या हातात आहे आणि सावजाला मारेकरीण आवडलेली आहे. आपण ज्याला आधुनिक म्हणतो ते बरंचसं इथून निघालं. म्हणून जुनं आणि नवं अशी तारखेवरून रेघ ओढू नका, असं माझं सांगणं असतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊ. रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या ‘आय ॲम लेजंड’मध्ये सगळं जग व्हॅम्पायर झालंय आणि रॉबर्ट नेव्हिल हा एकटा माणूस उरलाय. कारण जिवाणूंचा संसर्ग. नेव्हिल सूक्ष्मदर्शक मिळवून लसणीचा अभ्यास करतो, रात्री दार लावून दारू पितो, दिवसा झोपलेल्यांना शोधून मारतो. आपण पूर्णवेळ त्याच्याच डोळ्यांनी पाहत असतो. शेवटी त्याला कळतं, की संसर्ग झालेल्यांनी आता नवा समाज उभा केलाय आणि त्यांच्या लेकराबाळांना सांगायच्या गोष्टींतला राक्षस तो स्वतः आहे. व्हॅम्पायरच्या हाती लेखणी न देताच मॅथेसनने सगळा तराजू उलटा केला. ही कादंबरी छोटी आहे. सिनेमे बघून तिचा अंदाज बांधू नका.

स्टीफन किंग शाळेत शिक्षक असताना ‘ड्रॅक्युला’ शिकवत असत. काउंट आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून १९७५ ची ‘सालेम्स लॉट’ आली. आपल्याकडे नारायण धारपांची ‘लुचाई’ याच कादंबरीवरून. किंग यांचा व्हॅम्पायर बार्लो पुस्तकात फार कमी दिसतो. पानं खाल्ली आहेत ती गावाने: कोण कुणाच्या बायकोबरोबर आहे, कोण चोरून ऐकतं, कोण मुलाला मारतं. एकदाच बार्लो लेखणी उचलतो. त्याला मारायला तळघरात उतरलेल्यांसाठी तो पत्र ठेवून जातो, एकेकाचं नाव घेऊन, खिजवत. स्टोकरच्या काउंटला कागदावरचं वाचता आलं नव्हतं; हा शिकाऱ्यांची मनं वाचून त्यांनाच पत्र लिहितो. हा विनोद किंग यांनी ठरवून केला की आपसूक झाला, काही असो, मला फार आवडतो.

आणि मग १९७६. ॲन राइस यांची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’. एका खोलीत एक तरुण मुलगा टेपरेकॉर्डर लावून बसलाय आणि समोर लुई आपली दोनशे वर्षांची कहाणी सांगतोय. १८९७ मध्ये ध्वनिमुद्रणाचं यंत्र शिकाऱ्याच्या टेबलावर होतं, इथे ते व्हॅम्पायरच्या पुढ्यात आलं. माझ्या मते व्हॅम्पायरकथेतला सर्वांत मोठा बदल हाच. आता ‘तो कोण आहे?’ हा प्रश्न संपला. ‘मी त्याच्या जागी असते तर?’ हा सुरू झाला.

राइस यांनी हे सोपं करून दिलेलं नाही, म्हणून ती कादंबरी मोठी. लुईला मारणं सहन होत नाही, तरी तो मारतच राहतो आणि त्याच्या गोड, लयदार निवेदनात मेलेल्यांची नावंसुद्धा उरत नाहीत. तो लुइझियानातल्या मळ्याचा मालक होता, गुलामांचा धनी होता, आणि आपल्या दुःखाबद्दल बोलताना त्या माणसांकडे त्याचं लक्ष किती कमी जातं ते मुद्दाम पाहा. क्लॉडियाचं प्रकरण तर फारच जीवघेणं. पाच वर्षांच्या मुलीला व्हॅम्पायर करतात. मन वाढत जातं, बाईचं होतं, शरीर बाहुलीचंच राहतं. राइस यांची स्वतःची मुलगी १९७२ मध्ये, पाच वर्षांची असताना, रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. हे ठाऊक नसलं तरी ती पानं भिडतात. मात्र एक लक्षात घ्या: क्लॉडियाला लेखणी मिळालेली नाही. तिचा संताप, तिची घुसमट, सगळं लुईच्या तोंडून येतं. ‘ड्रॅक्युला’मध्ये जी जागा काउंटची होती, तिथे इथे ती आहे.

मुलाखतीचा शेवट तर मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवते. इतकी करुण कहाणी ऐकून तो मुलगा म्हणतो, मलाही तुमच्यासारखं करा. लुई हताश होतो, चिडतो. त्याने धोका सांगितला होता, मुलाने मोह ऐकला. राइस यांच्यानंतरच्या कितीतरी लेखकांनीही त्या मुलासारखंच ऐकलं, असं कधीकधी वाटतं. पहिल्या पंचवीस पानांत आपल्या अमर एकटेपणावर बोलू लागणारे व्हॅम्पायर इतके झाले, की एखाद्याने मुकाट्याने रक्त प्यावं असं वाटू लागलं. पुढे १९८५ मध्ये राइस यांनी लुईला व्हॅम्पायर करणाऱ्या लेस्टाटलाही बोलतं केलं आणि त्याने लुईची बाजू खोडून काढली. तिथून ही गोष्ट आरोप-प्रत्यारोपांची झाली. ती मजेदार आहे, पण भीती संपली.

आवाज मिळाला की गूढ कमी होतं, हा व्यवहार अटळ आहे. ज्याचं आतलं सगळं ऐकलं, त्याला घाबरायचं कसं? म्हणून नव्यांतले मला पटलेले लेखक व्हॅम्पायरला बोलू देतात, पण काहीतरी पुन्हा झाकून ठेवतात.

सुझी मॅकी चार्नस यांची ‘द व्हॅम्पायर टॅपेस्ट्री’ (१९८०) त्यासाठी वाचा. डॉक्टर वेलँड हा विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याच्यात अलौकिक काही नाही, तो माणसांवर जगणारा एक शिकारी प्राणी आहे. सुळेही नाहीत, जिभेखाली सुईसारखा अवयव आहे. पुस्तकाचे पाच भाग, आणि त्याचं मन आपल्याला खुलं होतं ते बरंच उशिरा. तोवर त्याला इतरजण पाहतात: कधी त्याला ओळखणारी बाई, कधी त्याला पिंजऱ्यात ठेवलेल्या घरातला मुलगा. तिसऱ्या भागात तो मानसोपचार घेतो. उपचार करणाऱ्या बाईला आधी तो भ्रमिष्ट वाटतो, मग तिला कळतं की तो खरं बोलतोय, आणि तरी सत्रं सुरू राहतात. दोघं बोलत बसलेत, एवढ्यावर इतका ताण मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘फ्लेजलिंग’ २००५ ची, म्हणजे ‘ट्वायलाइट’च्याच वर्षाची. निवेदन व्हॅम्पायरचंच, पण शोरीला स्मृतीच नाही. ती अंधाऱ्या गुहेत जखमी अवस्थेत जागी होते आणि आपण कोण आहोत हे तिला आपल्याबरोबरच कळत जातं. दिसायला ती दहा-अकरा वर्षांची मुलगी, प्रत्यक्षात त्रेपन्न वर्षांची. तिच्या जमातीतले जीव माणसांना मारत नाहीत, त्यांना जवळ ठेवतात. त्यांच्या लाळेची माणसांना सवय लागते, इतकी की सोडून जाणं अशक्य होतं. सगळे सुखी दिसतात. यात संमती कुठे होती, हा प्रश्न बटलर विचारत नाहीत, तुम्हालाच विचारायला लावतात. हे पुस्तक काहींना अस्वस्थ करून सोडतं आणि काहीजण अर्ध्यावर ठेवून देतात. दोन्ही मला समजतं.

लिंडक्विस्ट या स्वीडिश लेखकाची ‘लेट द राइट वन इन’ (२००४) ही जुन्या नियमाचं काय करता येतं त्याचा उत्तम नमुना. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, हे व्हॅन हेलसिंग सांगून गेला होता. पण न बोलावता आला तर काय? शाळेत छळला जाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आपल्या व्हॅम्पायर मैत्रिणीला, एलीला, बोलावणं नाकारतो, तेव्हा ते कळतं: एली तरीही आत पाऊल टाकते आणि तिच्या अंगातून रक्त येऊ लागतं. शत्रूला अडवण्याचा नियम इथे दोन मुलांच्या मैत्रीचा कस लावणारा झाला. एलीचा भूतकाळही तुकड्यातुकड्यांनीच कळतो.

आता ‘ट्वायलाइट’. तुम्ही तिथून आलात म्हणून संकोच बाळगू नका. तिची रचना बरीचशी जुनी आहे. निवेदन बेलाचं, म्हणजे ‘कार्मिला’प्रमाणे ओढ वाटणाऱ्या मुलीचं. एडवर्ड सगळ्यांची मनं वाचतो, फक्त बेलाचं वाचू शकत नाही. हार्करचं लघुलिपीतलं पत्र आठवलं ना? माझी तक्रार उन्हात चमकण्याबद्दल नाहीच. लॉराने, लुईने, शोरीच्या माणसांनी जी किंमत मोजली ती बेला मोजत नाही. तिला प्रेम, अमरत्व, मूल, घर सगळं मिळतं आणि काही गमवावं लागत नाही. प्रेमकथा म्हणून ते चालतं. व्हॅम्पायरकथेत मात्र ज्याची भीती वाटावी अशी किंमतच उरत नाही.

अगदी अलीकडचं हवं असेल तर स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची २०२५ ची ‘द बफेलो हंटर हंटर’. ब्लॅकफीट जमातीचा गुड स्टॅब हा व्हॅम्पायर १९१२ मध्ये एका पाद्रीपुढे बसून आपली कहाणी सांगतो, पाद्री ती डायरीत लिहून ठेवतो, आणि ती डायरी शंभर वर्षांनी सापडते. म्हणजे राइस यांची मुलाखत आणि स्टोकरचे कागद, दोन्ही एकत्र. कहाणीच्या मुळाशी जानेवारी १८७० मध्ये अमेरिकी सैन्याने मारायस नदीकाठी केलेलं ब्लॅकफीट लोकांचं हत्याकांड आहे. इथे ज्याला बोलू दिलं गेलं नव्हतं तो व्हॅम्पायर एकटा नाही. आणि ऐकून लिहिणाऱ्या पाद्रीचे हात किती स्वच्छ आहेत, हे पानापानाला संशयास्पद होत जातं. भाषा सुरुवातीला जड जाते, जनावरांची नावं ब्लॅकफीट पद्धतीने येतात. पन्नास पानं धीर धरा.

तुमच्यासाठी क्रम सांगायचा तर ‘ड्रॅक्युला’ सध्या बाजूला ठेवा आणि ‘कार्मिला’ वाचा. मग ‘इंटरव्ह्यू’, लगेच त्यामागे ‘फ्लेजलिंग’ किंवा चार्नस, जे मिळेल ते. पोलिडोरी इतिहासासाठी, तोही वेळ असला तर. व्हार्नीची शेकडो पानं पूर्ण वाचायचा हट्ट संशोधकांनी करावा. त्यानंतर ‘ड्रॅक्युला’कडे या. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, कारण कात्री सगळ्यात आधी तारा, बातम्यांची कात्रणं आणि जहाजाच्या नोंदवहीवर चालते, आणि वार्ना बंदरातून निघालेल्या त्या जहाजाच्या कप्तानाची नोंदवही तर पुस्तकातली सर्वोत्तम भयकथा आहे. कादंबरीतल्या नोंदी ३ मे ते ६ नोव्हेंबर अशा आहेत. काही वाचक ज्या तारखेची नोंद त्याच तारखेला वाचतात. हा प्रकार एकदा करून बघण्यासारखा आहे, कारण हार्कर किल्ल्यात अडकल्यावर मधले जे दिवस कोरे जातात ते आपल्यालाही कोरे काढावे लागतात.

तुम्ही जिथे थांबलात ते बहुधा पाचवं प्रकरण, लुसी आणि मीनाच्या गप्पांच्या पत्रांचं. तिथूनच पुन्हा सुरू करा आणि प्रत्येक नोंदीपाशी समासात एवढंच लिहा: हे कोण लिहितंय, आणि आत्ता हे कोणाला वाचायला मिळणार नाहीये. चोविसाव्या आणि पंचविसाव्या प्रकरणांत गोष्ट रेंगाळते, तिथे भराभर पुढे गेलात तरी बिघडत नाही. सव्विसाव्यात मात्र सगळे पुरुष हात टेकून बसलेले असताना मीना नकाशे आणि कागद पुढे ओढते आणि काउंट कोणत्या नदीने परत चाललाय ते एकेक शक्यता खोडत शोधून काढते. तेवढं टिपण सावकाश वाचा.